अण्णा टेंब्यांची पारख

काशीत ब्रह्माघाटाच्या आसपास ढुंढिराज नावाची माणसं पैशाला पासरी मिळतील, पण ‘अक्षरवाले पंडितजी’ म्हटलं की गल्लीतलं पोरही टेंब्यांच्या ढुंढिराजांकडेच बोट दाखवायचं. घरात आणि आपल्या लोकांत ते अण्णा. विश्वेश्वरबाबूंच्या छापखान्यात एकतीस वर्षं ते छपाईचे शिशाचे खिळे जुळवत होते. कुठलाही छापील चिटोरा द्या, लग्नपत्रिका असो की दंतमंजनाची जाहिरात, हा टाइप कुठल्या छापखान्याचा हे ते तोंडातलं पान संपायच्या आत सांगत. एकदा एका वकिलाने पत्रिकेचा नुसता फाटका कोपरा आणला, तर अण्णांनी छापखाना सांगितलाच, वर तिथला जुळारी डावखुरा आहे हेही सांगून टाकलं. ते खरं निघालं. मग काय, काशी ती! गोष्ट घाट चढून वर येईपर्यंत दुप्पट झाली.

सांगण्याआधी अण्णा कागद उलटा करत आणि त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवत. लोकांना वाटे, गुणी माणसाची लकब. लकब कसली डोंबलाची! अण्णांना दिसत नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी डोळ्यांत धुकं उतरलं ते उठलंच नाही. कडेकडेचा उजेड तेवढा उरला होता. खिळ्यांचा दाब कागदाच्या मागे उमटतो, तो अंगठ्याला वाचता येई. जुळवायचं काम तर बोटांचंच, कुठला खिळा कुठल्या खणात हे हातांना पाठ. मजकूर वाचून दाखवायला लेक शरदिनी शेजारी बसे. मालकांना वाटे, म्हातारा दमतो, मुलगी मदतीला येते. खरं कळलं असतं तर दोघांना त्याच दिवशी घरी बसवलं असतं. ही धास्ती रोज अण्णांबरोबर छापखान्याची पायरी चढे. नऊ वर्षांत तिने एक दिवस रजा घेतली नाही.

सदुसष्ट साली, होळीच्या आधी एका दुपारी जिन्यावर पोलिसी बूट वाजले.

“पंडितजी, दरोगा साहब आपसे ही मिलने आए हैं,” विश्वेश्वरबाबू म्हणाले. त्यांच्या आवाजात चक्क अभिमान होता.

आठवड्यापूर्वी भिंतींवर एक निनावी पत्रक लागलं होतं. धान्य कुणी दडवलंय, कुठल्या गोदामात, सगळं नावानिशी. दुसऱ्या दिवशी जमावाने ते गोदाम फोडलं, कुणीतरी आग लावली आणि आत अडकलेला चौकीदार मेला. भिंती तातडीने खरवडून घेतल्या गेल्या. पोलिसांच्या हाती उरला तो एका भिंतीचा फोटो.

“असली काग़ज़ नहीं है?” अण्णांनी विचारलं.

“होता तो फोटो क्यों लाते? आप बस बताइए, छपा कहाँ है. बाकी हम पूछ लेंगे.”

ते ‘पूछ लेंगे’ म्हणजे काय, हे अण्णांना ठाऊक होतं. त्यांनी सवयीने फोटो उलटा केला, अंगठा फिरवला. गुळगुळीत. ताटाच्या पाठीसारखा गुळगुळीत.

“उधर क्या देख रहे हैं?”

“आदत है,” अण्णा कसंबसं म्हणाले. “चश्मा घर रह गया. लड़की बता देगी. शरू, जरा बघ गं बाळ. मराठीतच सांग.”

शरदिनी लगेच उठली नाही. उठली, तेव्हा स्टूल पडलं.

“साधाच टाइप आहे, अण्णा. सगळ्यांकडे असतो तसला.”

“साधा म्हणजे काय? ‘क’ची गाठ कशी आहे?”

“भरलेली.”

“आणि ‘ब’ची?”

शरदिनीने फोटो टेबलावर ठेवला.

“शरू, ‘ब’ कसा आहे?”

नऊ वर्षं ती त्यांचे डोळे होती. अक्षराबाबत ती त्यांच्याशी कधी खोटं बोलली नव्हती.

“त्याला खालून कानस लागलीय,” ती पुटपुटली. “सगळ्याच ‘ब’ना.”

‘ब’ आणि ‘व’ अण्णांच्या बोटांना चकवत. म्हणून त्यांनीच आपल्या केसमधल्या, म्हणजे खिळ्यांच्या खणपेटीतल्या, एकूण एक ‘ब’च्या पायाचा कोपरा कानशीने उडवला होता. छपाईत तो इतका बारीक दिसे की मालकांनाही पत्ता नव्हता. अख्ख्या काशीत असा ‘ब’ याच एका केसमध्ये होता, आणि त्या केसला अण्णांशिवाय एकाच माणसाचा हात लागे.

म्हणजे पत्रक शरूने जुळवलं होतं. बावीस वर्षांची पोर! सभांना जाते हे ठाऊक होतं. म्हटलं होतं, वय आहे, जाऊ दे.

“क्या कह रही है?” दरोगाने विचारलं.

ओळखता येत नाही म्हणावं, तर डावखुरा जुळारी ओळखणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? कुणाला तरी झाकतोय हे दरोगाने तिथेच ताडलं असतं, आणि मग इथल्याच खिळ्यांवर भिंगं फिरली असती. गायघाटच्या काशीनाथचा छापखाना आहे, म्हणून सांगावं? खोटं का सांगू, ते नाव अण्णांच्या ओठांवर आलं होतं. काशीनाथला चार पोरं होती. अण्णांनी ते नाव गिळलं.

“दरोगा साहब,” ते म्हणाले, “लड़की क्या कहती है, मैं क्या जानूँ. मुझे दिखता नहीं.”

“मतलब?”

“अंधा हूँ. नौ साल से.”

मालक हसले आणि मधेच थांबले. दरोगाच्या बाजूने काडी ओढल्याचा आवाज झाला. गंधकाचा वास आला, मग नाकाशी ऊब, मग पापणीशी. कडेचा उजेड थरथरत मोठा होत गेला. अण्णांनी डोळा मिटला नाही. पापणीचे केस जळल्याचा वास सुटला तेव्हा शरदिनी किंचाळली.

“तो वो फटे कोने से प्रेस बताना?”

“तुक्का मारता था,” अण्णा म्हणाले. “लोग मान लेते थे.”

दरोगाने शिवी हासडली, ती मालकांना. फोटो हिसकावून घेतला आणि बूट जिना उतरून गेले. मग विश्वेश्वरबाबू म्हणाले, “कल से मत आइए, पंडितजी,” आणि आपल्या खोलीत निघून गेले.

“‘ब’चा खण वितळवायच्या पेटीत ओत,” अण्णा हळूच म्हणाले. “एकही ठेवू नकोस.”

खिळे पडल्याचा आवाज झाला.

“अण्णा, आत माणूस आहे हे मला...”

“इथे नको. घरी चल.”

आजवर गल्लीत ती चार पावलं पुढे चाले, आणि तिच्या चपलांच्या आवाजावर अण्णा मागून ऐटीत येत. आज त्यांनी हात पुढे केला.

“धर. आता लपवायचं काय राहिलंय?”

तिने धरला. मागून येणारं प्रत्येक पाऊल दोघांनाही बुटाचंच वाटत होतं.