सुनेच्या लघवीचं माप

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, देवालाही नाही — त्याला ठाऊक असेल तर असेल. तुला सांगते. पण कीव करू नकोस, ती मला खपत नाही.

वैशालीला, माझ्या सुनेला, रक्ताचा कॅन्सर झाला. मुंबईला तिच्या भावाच्या रक्तातल्या मूळपेशी तिला घातल्या, जगली. घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं — औषधं किडनीला जड आहेत. रोजची लघवी मापून वहीत लिहा, कमी झाली तर त्याच दिवशी फोन करा. मुलगा लोटे गावच्या कंपनीत पाळीला जायचा. तिला तर उभं राहवत नव्हतं. मग मापणार कोण? मी.

शेजारणी म्हणायच्या, "काकी, सासू असावी तर अशी गो!" महिला मंडळाने साडी दिली. मूर्ख बायका. आणि मी? ती नेसून मिरवले.

मला किळस यायची. सुनेचं मूत सासूने का मापावं? चार दिवस मापलं. पाचव्या दिवशी भांड्यात न बघताच माडाच्या मुळाशी ओतलं नि कालचाच आकडा लिहिला. मग रोज तेच. कधी थोडा कमी, कधी थोडा जास्त — खरं वाटावं म्हणून. चौथीपर्यंत शिकले, त्याचा हा उपयोग.

भांडं हलकं होत चाललं होतं. हाताला कळत नव्हतं का? कळत होतं. तिचे पाय सुजले, तेव्हा म्हटलं, "लोळून लोळून सुजलेत गो. ऊठ, चाल जरा."

पंधरवड्याने रक्त तपासलं. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. डॉक्टर वही चाळत राहिले — आकडे तर चांगले होते. आधी कळतं तर औषध बदललं असतं, म्हणाले. वैशाली माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तुम्ही एवढं केलंत. माझंच नशीब फुटकं."

नशीब! मी — वही पिशवीत घातली.

आता आठवड्यातून तीनदा तिला चिपळूणला डायलिसिसला न्यावं लागतं. लघवी होतच नाही, म्हणून पाणी मोजून द्यायचं. तहानेने तिचे ओठ फुटतात. तरी नवऱ्याला बाटलीला हात लावू देत नाही. म्हणते, "तुम्हाला दया येईल, जास्त द्याल. आईंचं माप चुकत नाही."

रोज सकाळी बाटली भरते. रेघेपर्यंत. थेंबभरही चुकत नाही.