धुळाजीने उचललेली वाघूर

धुळाजीला झोपेत चालायची खोड होती. मेंढरं घेऊन बालाघाटाच्या माळांवरून हिंडायचा, तेव्हा बायको बायडाबाई त्याच्या धोतराचं टोक आपल्या पदराला बांधून निजायची. तरी हा गडी तांबडं फुटायला गाठ सोडून उठायचा, डोळे मिटलेलेच, आणि कळपाभोवती लावलेलं जाळं, म्हणजे वाघूर, उचलून मेंढरं मोकळी करायचा. जाग यायची ती पायाला दव लागल्यावर. "देवानं नवरा दिला, पण दावं द्यायचं इसरला," असं बायडाबाई म्हणायची.

पुढे गुडघे गेले. मेंढरं पुतण्याने नेली, आणि धुळाजी नेकनूरच्या पलीकडे भागवतच्या डुकरांच्या फार्मवर राखणीला लागला. गाव हसलं. बायडाबाई तर अंगणात आंघोळ घातल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडू देईना. हसतील त्यांचे दात दिसतील म्हणून धुळाजीने सोडून दिलं. त्याचं दुखणं वेगळंच होतं.

शेडमध्ये गाभण डुकरिणी एकेकट्या लोखंडी पिंजऱ्यात असायच्या. उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं, तिसरं काही नाही. वळायचं म्हटलं तर गज आडवे. भागवत काही दुष्ट नव्हता. अशाने जनावरं एकमेकींना चावत नाहीत, प्रत्येकीचं खाणं तिच्याच पोटात जातं, हे त्याला कुणीतरी शिकवलेलं, आणि ते खोटंही नव्हतं.

त्यांतल्या एकीच्या कानावर तपकिरी ठिपका होता. धुळाजीने तिचं नाव शेवंती ठेवलं. दिवस भरत आले तशी ती पुढच्या पायाने सिमेंट उकरू लागली, नाकाने नसलेलं गवत गोळा करू लागली.  मग तिने तेही सोडलं. आडवी पडली ती उठेचना, खाण्याला तोंड लावेना.

"मामा, ही काय टिकत न्हाई," भागवत म्हणाला. "सकाळी टेंपो बोलावलाय. खाटकाला देऊन टाकू."

 रात्री धुळाजी शेडच्या दाराशी बाज टाकून पडला आणि त्याला माळ दिसला. कुसळी गवतावर धुकं उतरलेलं. बायडाबाईच्या चुलीचा धूर जमिनीलगत सरपटत चाललेला. वाघुरीत मेंढरं दाटीने उभी, आणि सगळीच्या सगळी त्याच्याकडे बघतायत, काही न बोलता. एकीच्या कानावर तपकिरी ठिपका होता. "हुर्र, हुर्र," करत धुळाजी उठला. जाळं आज फार जड लागत होतं, हाताला गार लागत होतं. तो उचलत गेला. कळप धुक्यातून पांढरा पांढरा वाहू लागला, आणि त्याला इतकं बरं वाटलं की रडू आलं.

पायाला दव लागलं. डोळे उघडले तर तो फार्मच्या आवारात उभा होता. उजाडत होतं. मागे एकूणएक पिंजऱ्याची कडी काढलेली, आणि डुकरिणी मोकळ्या. दोघी एकमेकींवर खेकसत होत्या. बाकीच्या नाकं मातीत खुपसून जग हुंगत होत्या. सगळ्यांच्या मागून शेवंती आली, झोकांड्या खात, थांबत. भागवतच्या बैलांसाठी रचलेल्या कडब्याच्या गंजीशी गेली आणि तोंडाने एकेक पेंढी ओढून गोल अंथरू लागली.

तेवढ्यात भागवत आला. मागून भाकरी घेऊन बायडाबाई आली आणि फाटकाशीच थांबली.

"मामा! कावून सोडली ही समदी?"

"सोडली न्हाईत, मालक. मी झोपंत मेंढरांकडं गेलतो."

भागवतने काठी घेतली आणि शेवंतीकडे वळला. टेंपोचा हॉर्न फाटकाबाहेर वाजत होता. धुळाजी आडवा आला.

"मला काढा कामावरून. पण तिला उठवू नगा. तिनं आंथरूण घातलंय. आंथरुणावरनं बाळंतिणीला कुनी उठवतं व्हय?"

 फार्मच्या फाटकाच्या आत कधी पाऊल न टाकलेली बायडाबाई पुढे आली. भाकरीचं फडकं तिने खाली ठेवलं, गंजीतली पेंढी उपसली आणि शेवंतीपुढे टाकली.

भागवतने काठी टाकली. टेंपो रिकामा गेला. दुपारी शेवंती कडब्यावर व्यायली.

आता भिंतीलगत कुंपण घालून कडबा अंथरलाय. जिचे दिवस भरतात तिला तिथे सोडतात. सगळ्यांना सोडायचं म्हटलं तर शेड मोडून नवी बांधावी लागेल. भागवत "बघू" म्हणतो. बायडाबाई अजूनही अंगणातच आंघोळ घालते, पण पाणी आता ऊन असतं.

धुळाजी झोपेत चालत नाही. पहाटे जागेपणी उठतो आणि कुंपणाकडे जातो. वाटेत बाकीचे पिंजरे लागतात. गज चावल्याचा आवाज येतो. तेवढ्या वाटेपुरते तो डोळे मिटून घेतो.