पोलीस भरती आणि दोन घागरी

लातूर नवा जिल्हा झाला आणि आमच्या मुरुडात बातमी आली की आता पोलीसभरती लातुरातच होणार. त्या साली पाऊस न्हवता, शेतात काम न्हवतं. वडील म्हणाले, "बसून राहिलास. पळ तरी."

पळायला बूट हवेत म्हणून आम्ही दोघं लातूरला गेलो. वडिलांनी कॅनव्हासचा बूट बैल पारखावा तसा पारखला. तळ दाबला, वाकवला, वास घेतला. माझा पाय सात नंबरचा. त्यांनी आठ नंबरचा काढायला लावला.

"पाय वाढंल," ते म्हणाले.

"मी एकवीस वर्षांचा हाय."

दुकानदार शांतपणे म्हणाला, "वाढला तर वाढला, न्हाई तर चिंध्या कोंबा."

चिंध्या कोंबल्या. व्यायामाला डालड्याच्या डब्यांत सिमेंट ओतून वजनं करायची ठरवली, तर आई आडवी आली. "प्यायला पाणी न्हाई आन् सिमेंट कालवतूस व्हय?" शेवटी डब्यांत कोरडी वाळू भरली. उचलली की ती झाकणातून डोळ्यांत सांडायची.

पळून आलो की अंग घामानं निथळायचं. त्यावर आईनं फर्मान काढलं, "कपडे धुवायला पाणी न्हाई. पळायचंय तर विहिरीकडं पळ. येताना घागरी भरून आण."

विहीर कोसभर लांब. जाताना पळायचं, येताना खांद्यावर कावड, दोन्हीकडे भरलेली घागर. सांडू नये म्हणून खांदे ताठ, पावलं बारीक. आठवड्याभरात शेजारणींनीही आपापल्या घागरी आमच्या ओट्यावर आणून ठेवल्या. "पळतूच हायस, तर आमची बी एक खेप कर."

भरतीच्या दिवशी मैदानाला फेऱ्या मारायच्या होत्या. मी जोरात सुटलो, पण खांदे काही सैल होईनात. कडेला उभा असलेला हवालदार ओरडला, "अरे, कावड खाली ठेव की!" सगळे हसले. तरी मी तिसरा आलो.

मग छाती मोजली. फुगवून दोन बोटं कमी भरली. मी इतका श्वास ओढला की चेहरा जांभळा झाला. टेप धरणारा म्हणाला, "सोड आता, मरशील."

वडील सोबत आले होते. मुरुडला एसटीतून उतरताना म्हणाले, "छातीचं कुणी बोललंच न्हाई. आपण पायाच्याच मागं लागलो."

घरी आईनं निकाल विचारला नाही. माझं तोंड बघून तिला कळलं असावं. ती आत गेली आणि अख्खी बादली भरून मोरीत ठेवली. चार महिने आम्ही सगळे तांब्या-दोन तांब्यांतच आंघोळ उरकत होतो.

"सगळी?" मी विचारलं.

"सगळी," ती म्हणाली. "आन् सावकाश कर."