भागीतली रेकॉर्ड

माझा विश्वंभरमामा मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात फिटर होता. इंग्रजी गाण्यातला एक शब्द त्याला कळत नसे. तरी विलायती बूगी रॉकची एक रेकॉर्ड त्याच्या आयुष्याला चिकटली होती. खरं तर अर्धीच. विद्यापीठातला कुणी परदेशी विद्यार्थी गाशा गुंडाळून मायदेशी निघाला, तेव्हा मामानं आणि त्याच्याबरोबर काम करणाऱ्या दत्तात्रेयकाकांनी ती भागीत घेतली. एक महिना शहराच्या एका टोकाला छाणीला मामाकडे, एक महिना दुसऱ्या टोकाला मकरपुऱ्याला काकांकडे. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघं खंडेराव मार्केटात भाजी घ्यायला भेटत आणि रेकॉर्ड एका पिशवीतून दुसऱ्या पिशवीत जाई. असं तीस वर्षं चाललं.

मला विचाराल तर त्या गाण्यांत काही नव्हतं. तेच तीन सूर, तोच ठेका, वर चार झिपऱ्यांचा आरडाओरडा. "मामा, एक ऐकलं की सगळी ऐकल्यासारखीच," मी म्हणायची. तो चिडत नसे. "अगं, हे नुसतं ऐकायचं नसतं, ह्याच्याबरोबर चालायचं असतं. आपली गाणी दुःख झालं की खाली बसतात. हे लोक रडतानाही चालत राहतात." हे सांगताना त्याची टाच जमिनीवर ठेका धरून असे. शिफ्टवरून शिणून आलेला माणूस अर्ध्या तासात टवटवीत व्हायचा, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय.

पुढे कॅसेटी आल्या. मी कॉपी करून देते म्हटलं, तर काकांनी हात जोडले. "ना बेटा! कॉपी झाली म्हणजे वाटणी झाली. मग हा कशाला भेटतोय मला?" कारखाना बंद पडला, दोघं घरी बसले, तरी पहिला रविवार चुकला नाही.

२००४ साली काका झोपेतच गेले. रेकॉर्ड तेव्हा त्यांच्याकडे होती. मामाचा जीव तिच्यासाठी तुटत होता, पण सुतकात मागणार कशी? "तेरावा होऊ दे," तो म्हणाला. आणि तेराव्यालाच घात झाला.

शय्यादान होतं. गेलेल्या माणसाच्या वापरातल्या, आवडीच्या वस्तू गुरुजींना द्यायच्या, म्हणजे त्या त्याला पोचतात, अशी श्रद्धा. गादी झाली, छत्री झाली, चपला झाल्या. मग नयनाकाकू आतून रेकॉर्ड घेऊन आल्या. "ह्यांचा जीव होता हिच्यात," म्हणाल्या आणि कव्हरवर तुळशीचं पान ठेवलं. गुरुजींनी कव्हरवरचे ते चार झिपरे उलटसुलट करून पाहिले आणि संकल्प सांगितला. मी मामाला कोपरानं ढोसलं. बोल ना, अर्धी तुझी आहे! मामा मान खाली घालून बसून राहिला.

बाहेर आल्यावर मी भडकले. "मी जाते गुरुजींकडे. त्यांच्या काय कामाची ती?"

"जवा दे ने, ऋचा, जाऊ दे," मामा म्हणाला. "दान दिलेलं परत आणलं तर त्याला पोचेल का?"

मामाचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. म्हणूनच मला जास्त वाईट वाटलं.

अलकापुरीतल्या एका दुकानातून मी तीच गाणी सीडीवर मिळवली, प्लेअरही नेऊन दिला. मामानं ऐकली. "छान आहे. खरखरसुद्धा नाही," म्हणाला आणि प्लेअर बंद केला. मग पहिल्या रविवारी सकाळी त्याचा फोन आला, "मार्केटात ये. पिशवी आण." वालपापडीच्या ढिगाशी उभं राहून त्यानं सीडी माझ्या पिशवीत टाकली.

"आता महिना तुझा."

नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. महिनाभर स्वयंपाक करताना लावत होते. आणि खरं सांगते, तिसऱ्या गाण्याला पोळ्या लाटता लाटता हात आपोआप त्या ठेक्यात चालायला लागला. पुढच्या महिन्यात सीडी परत द्यायला गेले, तेव्हा मामा त्याच जागी उभा होता.

"कुठलं आवडलं?"

"तिसरं."

"मलाही तेच," मामा म्हणाला. "दत्तूला ते कधीच आवडलं नाही. तीस वर्षं भांडलो आम्ही त्यावरून. आता नाही म्हणणारं कोण उरलं गं?"

आणि तेराव्याला डोळ्यांत टिपूस न आणलेला माझा मामा भर बाजारात, भाजीवाल्यांच्या देखत, हुंदके देऊन रडायला लागला.