डॉक्टर काय म्हणाले होते

वडील उसाच्या ट्रॉलीवरून डोक्यावर पडले, तेव्हा मी बारावीत होते. दौंडच्या एका दवाखान्यात ते बेशुद्ध पडून होते. तिथले तरुण डॉक्टर दक्षिणेकडचे, त्यांना मराठी येत नव्हतं. दुपारी ते मला म्हणाले, "ही मे नॉट कम राउंड."

घरात इंग्रजी शिकलेली मी एकटीच. 'कम' म्हणजे येणे, आणि मोठ्या डॉक्टरांच्या फेरीला 'राउंड' तर वॉर्डात सगळेच म्हणत. मी आईला सांगितलं, "मोठे डॉक्टर आज राउंडला येतील असं वाटत न्हाई."

"मंग उद्या बघू. आत्याला आताच निरोप नको, उगं घाबरंल," आई म्हणाली.

आत्या, वडिलांची एकुलती बहीण, निमोण्याला राहायची. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील गेले. आत्या आली ती थेट मातीलाच. "जित्तेपणी तोंड बघू दिलं न्हाई," एवढंच ती बोलली. आई मात्र वर्षानुवर्षं डॉक्टरांना बोल लावत राहिली, त्यांनी आधी काही सांगितलंच नाही म्हणून.

पुढे शिरूरच्या कॉलेजात बाईंनी एकदा फळ्यावर इंग्रजी क्रियापदं लिहिली. मागे जोडलेल्या छोट्या शब्दानं अर्थ कसा पालटतो, ते समजावताना त्या म्हणाल्या, "कम राउंड, म्हणजे शुद्धीवर येणे."

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. परातीतला हात तसाच ठेवून म्हणाली, "म्हंजी त्यानं सांगितलं व्हतं." तव्यावरची भाकरी करपली तरी ती हलली नाही. मग म्हणाली, "आत्याला सांगू नगंस."