चोरओटीची व्युत्पत्ती

मला चोर फार आवडतात. (चोरी नव्हे. शाळामास्तराच्या अंगात तेवढी हिंमत कुठली!) सन तीसच्या सुमारास मी सोलापुरात मास्तरकी करत होतो आणि कुठल्या भाषेत चोराला काय म्हणतात, तो शब्द आला कुठून, हे एका वहीत टिपत होतो. संस्कृतात 'चुर्' धातू. इंग्रजीतला रॉबर आणि अंगावरचा रोब, म्हणजे झगा, एकाच घरचे. लुटीत आधी कपडेच जात ना!

लग्नाला तीन वर्षं झाल्यावर आमच्याकडे गोड बातमी आली. एका शुक्रवारी माझ्या आईनं दार लावून सुनेची, म्हणजे यमुनेची, ओटी भरली.

"दार लावून कसली ओटी?" मी विचारलं.

"तिसऱ्या महिन्याची चोरओटी," यमुना म्हणाली. "कुणाला कळू द्यायची नसती. वेळापूरला आईला संक्रांतीला मीच सांगणार हाय, माझ्या तोंडानं. तीन वर्षं वाट बघतीय ती. तुमी कुटं बोलू नका."

मी मान डोलावली. डोक्यात मात्र एकच शब्द घोळत होता. एवढ्या मंगल कार्यात चोर शिरला कसा?

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजारच्या नरसय्याच्या हातमागापाशी जाऊन बसलो. "तेलुगूत चोराला काय म्हणता?"

"दोंगा," धोटा न थांबवता तो म्हणाला.

"आणि तिसऱ्या महिन्यात बाईची गुपचूप ओटी भरता, त्यात दोंगा येतो का?"

धोटा थांबला. "मास्तर, घरात कुणाला दिवस गेले काय?"

"छे, मी शास्त्र विचारतोय."

आतून त्याच्या बायकोनं गूळ आणून माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्लाही!

तिथून चौकात अब्दुलचाचांकडे गेलो. ते सर्व्हिस मोटार चालवत आणि त्यांना थोडी फारसी येत असे. चोरओटीचं कोडं सांगून मी चोराचा फारसी शब्द विचारला.

"दुज़्द बोलते, मास्तर. पन ये ओटी किसकी?"

"आमच्या हिची. पण कुणाला सांगू नका," मी बजावलं. मोटार वेळापूरला निघाली होती, हे मी पाहिलंच नाही.

तिसऱ्या दिवशी त्याच मोटारीतून सासूबाई लोणच्याची बरणी घेऊन उतरल्या. "मोटारवाल्याला ठावं, अन् आईला न्हाय व्हय?"

यमुनेनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अशा वेळी माझ्या तोंडून व्याख्यानच बाहेर पडतं, तेव्हा मी 'चुर्' धातूपासून सुरुवात केली. सासूबाईंनी रोबपर्यंत ऐकून घेतलं.

"त्ये ऱ्हाऊ द्या, जावईबापू. माज्या पोरीच्या तोंडची गोष्ट तुमी चोरली की."

मग त्या बरणी उचलून बाहेर गेल्या आणि आत्ताच आल्यासारख्या पुन्हा उंबरा चढल्या. "यमुने, बरी हायस न्हवं?"

"आई, मला दिवस गेल्यात."

"व्हय गं बाय?" असं म्हणत त्यांनी लेकीला पोटाशी धरलं. माझी आई रडली, मीही रडलो.

पुढे वेळापूरला मुलगी झाली. चौकात चाचांनी मला मुबारक म्हटलं आणि मी धावत घरी आलो.

"पत्र येऊन चार दिवस झाले," आई शांतपणे म्हणाली. "बारशापर्यंत तुला सांगू नका, असं सुनेनं कळवलंय!"