समोरच्या दारातली मोहरी

बुद्धपौर्णिमेला बोईसरच्या आमच्या कॉलनीत सत्कारच इतके लांबले, की बुद्धाच्या वाट्याला शेवटची पाच मिनिटं आली. तेवढ्यात वक्त्यानं मोहरीची गोष्ट उरकली. मूल गेलेल्या आईला बुद्ध म्हणतो, ज्या घरात मरण आलं नाही तिथून मोहरी आण, मी त्याला उठवतो. तसं घर मिळत नाही, आणि दुःख सगळ्यांचंच असतं हे तिला कळतं.

दुसऱ्या सकाळी समोरच्या बाई वाटी घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांचा मुलगा नुकताच कारखान्यातल्या अपघातात गेला होता.

"वहिनी, बिल्डिंग नवी हाय. तुमच्याकडे कोण गेलं नाय ना?"

"माझी आई गेली," बायको म्हणाली.

"ती गावाला. या घरात?"

ही पळवाट बुद्धालाही सुचली नसती. मी 'नाही' म्हणणारच होतो.

"गेलंय," बायको म्हणाली. "पोटातलं. पाचव्या महिन्यात, आतल्या खोलीत."

आम्ही त्याला कधी मरण म्हटलं नव्हतं.

बाई उंबऱ्यावरच बसल्या. बायको त्यांच्याशेजारी बसली, आणि दोघी रडल्या.

आतल्या खोलीत जायला मला तेव्हापासून जरा वेळ लागतो.